मॅनेज झालेला माणूस

आमच्या घरात शिव्यांना मनाई नव्हती. बाबा भांडुपच्या एका छापखान्यात मशीनवर होते, आणि कागद अडकला की मशीनवरचा माणूस काय काय बोलतो ते मी लहानपणापासून ऐकत आले. पण एक शब्द असा होता की तो घरातल्या माणसाला उद्देशून कधीच वापरायचा नाही, आणि तो इंग्रजी होता. मॅनेज. "तो मॅनेज झाला" असं बाबा एखाद्याबद्दल म्हणाले की त्या माणसाचा विषय आमच्यापुरता संपला. त्याच्या घरचं लग्न असलं तरी आम्ही जात नसू. तो जिन्यात भेटला तर बाबा कठड्याकडे बघत वर चढत. कामगारांच्या कमिटीतला एक पुढारी असा संपला, आमच्याच इमारतीचा एक माजी सेक्रेटरी, परब, असा संपला, आणि एकदा तर बाबांचा चुलतभाऊ, ज्याच्या खांद्यावर बसून ते मालवणची जत्रा बघत मोठे झाले होते. आई त्या चुलतभावाच्या बायकोशी चोरून फोनवर बोलायची आणि बाबा आले की "राँग नंबर" म्हणून ठेवून द्यायची.

आईचा मॅनेज वेगळा होता. ती मुलुंडच्या एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला होती, आणि तिच्या तोंडी तो शब्द दिवसातून दहा वेळा यायचा. पाहुणे वाढले, उसळ पुरणार नाही असं दिसलं, की ती "करतंय मी मॅनेज" म्हणायची, दोन बटाटे चिरायची, वाटपात खोबरं वाढवायची, आणि उसळ पुरायची. बाबा म्हणायचे, "अगं, दुसरा शब्द नाही का तुला?" ती म्हणायची, "तुमका शब्दांची पडली हा, माका जेवाण पुरवूचा आसा." एकाच खोलीत, एकाच शब्दाने, एक माणूस दुसऱ्यांना घराबाहेर काढत होता आणि एक बाई आल्यागेल्याला जेवू घालत होती. हे तेव्हा मला दिसलं नाही. मी बाबांच्या बाजूची होते.

बाजू म्हणजे काय ते मी कागदावर शिकले. छापखान्यात उरलेली, वाकडी छापलेली पत्रकं बाबा घरी आणायचे. आमच्या फडताळात डब्यांखाली पत्रकं, माझ्या पुस्तकांना कव्हरं पत्रकांची, गणिताची उजळणी त्यांच्या कोऱ्या पाठीवर. मी वाचायला लागले ती डाळीच्या डब्याखालच्या कागदावर. "बंधू-भगिनींनो, गेली तीन वर्षे" एवढंच दिसायचं, पुढचं डब्याखाली. गेली तीन वर्षे काय, हे वाचायला मी डबा उचलायची आणि आई ओरडायची. बाकीच्या मुलींना गोष्टी सांगून झोपवत असतील. मला निषेध वाचत झोप यायची. त्यामुळे माझी समजूत अशी झाली की जगात जे काही चुकतं ते कोणीतरी चुकवतं, त्याला नाव असतं, आणि ते नाव छापलं की अर्धं काम झालं. ही समजूत अजून पूर्ण गेलेली नाही. ती जाऊ नये असंही मला वाटतं. पण तिने एका माणसाचं काय केलं ते सांगायचं म्हणून हे प्रकरण लिहिते आहे.

आम्ही कांजूरमार्ग पूर्वेला राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, लांब गॅलरीच्या टोकाला. खाडीच्या बाजूला डम्पिंग. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी वारा फिरला की वास यायचा. बाहेरच्या माणसाला वाटतं, कचऱ्याचा वास म्हणजे सडका वास. तसं नाही. तो आधी गोडसर येतो, पिकून फुटलेल्या फणसासारखा, आणि मग घशात बसतो. आई खिडकीला ओला पंचा लावायची. गरम तव्यावर बांगडा चरचरत असायचा आणि तरी ताटात तो वास बांगड्याच्या वर बसलेला असायचा. लहान मुलं जेवता जेवता ओकायची. तक्रार केली की तपासणीची माणसं येत, सकाळी येत, आणि सकाळी वास नसे. "आत्ता तर काही नाही," असं लिहून जात. डम्पिंगच्या गेटावर मोठा बोर्ड होता, त्यावर मराठीत घनकचरा व्यवस्थापन आणि वर इंग्रजीत तेच. तिथेही तोच शब्द.

यावर उपाय काढला वाघमारे काकांनी. ते आमच्या शेजारच्या दारात एकटे राहत. मूळचे परभणीकडचे. विक्रोळीच्या एका कारखान्यात आयुष्यभर टाइमकीपर होते, काकू गेल्या, मुलगी सुजाता लग्न होऊन परभणीलाच गेली. निवृत्त झाले तरी हाताला नोंदीची सवय. त्यांनी एक लांब वही आणली, रेघा मारल्या आणि दाराबाहेर गॅलरीत एका स्टुलावर ठेवली. तारीख, वेळ, वारा कुठून, वास कसा. पहिला रकाना त्यांचा स्वतःचा, रोज सकाळी सहा आणि संध्याकाळी आठला भरलेला, एकही दिवस न चुकता. पुढचे रकाने बाकीच्यांचे. वासाची वही म्हणत सगळे तिला. त्यांनी एकच नियम केला होता आणि तो पहिल्या पानावर लिहिला होता: ज्याने त्याने आपल्या नाकाला आलं तेवढंच लिहावं. बायको म्हणते म्हणून नाही, शेजारी म्हणतो म्हणून नाही. आई जवळा भाजायला लागली की ते दारातून विचारायचे, "वहिनी, हे वहीत लिहू का? दिशा दक्षिण, प्रमाण असह्य." आई म्हणायची, "लिवा, आणि खाली लिवा, वाटीभर मागून नेला." आणि ते खरंच वाटीभर नेत, त्यांच्या ज्वारीच्या भाकरीबरोबर खायला. वहीची तीन वर्षं झाली तेव्हा एक वकीलबाई भेटल्या आणि त्या म्हणाल्या, बाकी सगळं सोडा, हा पहिला रकाना म्हणजे तुमची केस आहे. एकच माणूस, एकच जागा, रोजची वेळ. असा पुरावा कोणी मोडू शकत नाही. सुनावणीची तारीख पडली.

त्या वर्षी मी दहावीत होते. आमच्या इंग्रजीच्या मिस दर आठवड्याला एक क्रियापद द्यायच्या. शाळेच्या शब्दकोशातून त्याचे सगळे अर्थ उतरवायचे आणि दहा वाक्यं करायची. त्या आठवड्यात नेमकं मॅनेज आलं. कारभार पाहणं, ताब्यात ठेवणं, आहे त्यात भागवणं, आणि अवघड गोष्ट कशीबशी तडीस नेणं. शेवटचा अर्थ वाचून मी थक्क झाले. आगीतून माणूस जिवंत बाहेर पडला तर इंग्रजीत त्याने बाहेर पडणं मॅनेज केलं. म्हणजे तिकडे हा शूरांचा शब्द होता. मी नऊ वाक्यं शहाण्यासारखी केली आणि दहावं केलं, कंपनीने पुढाऱ्याला मॅनेज केलं. मिसनी त्याला लाल गोल केला. "मुक्ता, हा अर्थ कुठे आहे शब्दकोशात? दाखव." मी म्हटलं, "मिस, शब्दकोशवाले कांजूरला राहतात कुठे?" वर्ग हसला, मला वर्गाबाहेर उभं केलं. ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती वाघमारे काकांना. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "मिसला सांग, संपादकीणबाई, आम्ही इंग्रजीला एक अर्थ दान दिला. पावती नको म्हणावं."

डिसेंबरात एका सकाळी ते खाडीच्या रस्त्यावर ट्रकच्या वेळा टिपायला गेले होते. चिखलावरून पाय घसरला, उताणे पडले, डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. डम्पिंगच्या सुपरवायझरने पाहिलं, डम्पिंग चालवणाऱ्या कंपनीच्या जीपमध्ये घालून हॉस्पिटलात नेलं, टाके घातले, आणि दुपारी त्याच जीपमधून घरी आणून सोडलं. कंपनीचं नाव लिहिलेली जीप आमच्या गेटाशी थांबली, आणि तिच्यातून काका उतरले, डोक्याला पट्टी आणि हातात बिस्किटाचा पुडा. ड्रायव्हरने दिला होता, चक्कर येऊ नये म्हणून. चारी मजल्यांच्या गॅलऱ्यांतून हे सगळ्यांनी पाहिलं. आईने चार दिवस त्यांना पेज नेऊन दिली. परत येऊन म्हणाली, "आज जवळा भाजतंय तरी गप. दुखण्याने नरमलो माणूस."

पडले त्याच संध्याकाळपासून वहीत पहिल्या रकान्यात येऊ लागलं: वास नाही. दुसऱ्या दिवशी वास नाही. शेजारच्या रकान्यांत उग्र, मळमळ, मुलगा ओकला, खिडक्या बंद. आणि पहिल्या रकान्यात त्या सरळ टाइमकीपरी अक्षरात, वास नाही. एक आठवडा, दोन, तीन. दुसऱ्या बाजूने वहीच्या प्रती मागवल्या होत्या. वकीलबाईंचा फोन आला, "हे काय चाललंय? तिकडे पेढे वाटत असतील." बाबा शेजारी गेले. गॅलरीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"वाघमारे, तुम्हाला वास येत नाही?"

"नाही आला."

"काल पोरं ओकत होती."

"पोरांचं पोरांनी लिहिलंय की. माझ्या रकान्यात माझं."

बाबा परत आले आणि पंख्याखाली बसून राहिले. दुसऱ्या मजल्यावरचे तावडे वर आले होते, ते दारातच म्हणाले, "परबसाहेब सेक्रेटरी होते तेव्हा तुम्ही ओळखलंत. आता कसं ओळखत नाही? जीपमधून उतरले तेव्हाच समजायचं. मॅनेज झाले." तो शब्द तावड्यांनी उच्चारला. पण उचलला मी.

शाळेतून येऊन मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. मला लिहिताना जी मजा आली ती मी लपवणार नाही. वाक्यं धावत येत होती. ज्या हातांनी वही सुरू केली त्याच हातांनी ती विकली. वाघमारे मॅनेज झाले आहेत. त्यांच्या स्टुलापाशी थांबू नका. बाबांनी ते उभ्यानेच वाचलं. आई कढईत काहीतरी परतत होती.

"नाव नको घालू."

"का? परबांचं घातलं होतं."

"तेव्हा माझ्याकडे कागद होता."

"आताही आहे. वहीच आहे."

"अकरा वर्षं शेजारी राहतो तो माणूस, मुक्ता. मी पुन्हा विचारून येतो."

"किती वेळा विचारणार? सुनावणीत तो रकाना वाचतील आणि आपली वाट लागेल. बाबा, तुम्ही पण मॅनेज झालात का?"

आईने पळी आपटली नाही, नुसती खाली ठेवली. बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पत्रकाची घडी केली, शर्टाच्या खिशात घातली, चपला घातल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी गुलाबी कागदाचा गठ्ठा घरी आला. मी स्वतः चारी मजल्यांवर वाटला. काकांच्या दाराखालूनही एक सरकवला. मला ते धैर्य वाटलं.

या शब्दाबद्दल आता मला जे कळतं ते तेव्हा कळायला हवं होतं. माणसाला चोर म्हटलं तर तो म्हणू शकतो, काय चोरलं ते दाखवा. विकला गेला म्हटलं तर घेणारा दाखवावा लागतो. मॅनेज झाला म्हटलं की काहीच दाखवावं लागत नाही. कोणी केलं, कशाने केलं, कधी केलं, काही नाही. ते आपोआप झालेलं असतं, ताप आल्यासारखं, आणि ऐकणारा मान डोलावतो. आमच्या चळवळींनी स्वतःसाठी इतका सोयीचा दुसरा शब्द घडवलेला नाही. आणखी एक गोष्ट. परबांवर पत्रक निघालं होतं तेव्हा तीन आठवडे इमारतीत वाद चालला होता, निम्मे लोक त्यांच्या बाजूने भांडत होते. वाघमारे काकांसाठी कोणी भांडलं नाही. एका संध्याकाळीत सगळ्यांना सगळं पटलं. तावडे गॅलरीत मोठ्याने म्हणाले, "या लोकांचं असंच असतं हो." बाबांनी त्यांना तिथल्या तिथे हाकललं, पुन्हा दारात पाय ठेवू नका म्हणाले. पण ते वाक्य तावड्यांच्या तोंडून आलं असलं तरी त्याला बसायला पाट मी मांडून दिला होता. मी समतेची पत्रकं वाचत मोठी झाले आणि माझं पहिलं पत्रक त्या पाटाच्या कामी आलं.

स्टुलापाशी कोणी थांबेना. तिसऱ्या दिवशी दोघं-तिघं जाऊन वही घेऊन आले, काकांनी स्टुलावरून उचलून दिली. ती आमच्या घरी ठेवली गेली. आई मात्र डबा देत राहिली. रोज ती स्वतः जायची. एके दिवशी संध्याकाळी तिने डबा माझ्यापुढे ठेवला. "लिवलंस तू. आता तोंड दाखवक पण तूच जा."

दार लोटलेलं होतं. मी ते ढकललं आणि गॅसचा लोट अंगावर आला. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण चालूच होतं, आवाज येत होता. तिथून तीन हातांवर काका बुद्धाच्या मूर्तीपुढे बसले होते. मेणबत्ती उभी करून झाली होती, काडेपेटी उघडलेली, काडी हातात.

"काका, काडी ओढू नका."

त्यांनी मान वळवली. "का गं?"

"गॅस आहे घरात."

त्यांनी नाक वर करून दोनदा श्वास घेतला. मग काडी पेटीत ठेवली, पेटी जमिनीवर ठेवली, अगदी सावकाश, एखादं अंडं ठेवावं तशी. मी बटण बंद केलं, दोन्ही खिडक्या उघडल्या, आणि बाहेरून डम्पिंगचा वास आत आला. ते दोन्ही वास त्या खोलीत एकमेकांत मिसळत होते आणि मधे हा माणूस बसला होता, ज्याला त्यातला एकही येत नव्हता. मी डबा हातात घेऊन उभी होते.

"बस," ते म्हणाले. "पडलो तेव्हापासून गेलंय. डॉक्टर म्हणतो, आतली शीर तुटली. बहुतेक येणार नाही परत."

"मग सांगितलं का नाहीत? आम्हाला वाटलं..."

"वाचलं मी तुम्हाला काय वाटलं ते. चांगलं लिहितेस."

मी रडायला लागले. त्यांनी मला थांबवलं नाही आणि समजूतही घातली नाही. 

"पण वास नाही असं तरी का लिहिलंत? कोणाला विचारून लिहायचं. नाहीतर वही दुसऱ्याकडे द्यायची."

"नियम माझाच आहे. तो मीच मोडू?" मग म्हणाले, "आधी वाटलं, आठ दिवसांत येईल परत. मग हे तुझं पत्रक आलं. आता नीट ऐक. नाक गेलंय हे बाहेर पडलं तर त्यांचा वकील पहिला प्रश्न विचारणार, कधी गेलं? डिसेंबरात कशावरून? दोन वर्षांपूर्वी नव्हतं कशावरून? माझ्या पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या ओळी गेल्या. आणि आता काय आहे? माणूस डिसेंबरात विकला गेला. म्हणजे त्याच्या आधी तो विकला गेलेला नव्हता. विकल्या गेलेल्या माणसाची आधीची वही खरी राहते, मुक्ता. नाक गेलेल्याची एक ओळ राहत नाही."

"मी उद्याच दुसरं पत्रक काढते. तुमची माफी मागते."

"नाही काढायचं. सुनावणी होईपर्यंत कोणाला कळता कामा नये."

मी घरी येऊन आईबाबांना सांगितलं. बाबा ताबडतोब उठले, दुरुस्तीचं पत्रक आत्ताच लिहायचं म्हणाले, कागदसुद्धा काढला. मग काका आमच्याकडे आले, पत्रक निघाल्यापासून पहिल्यांदाच, आणि तेच सगळं बाबांना पुन्हा सांगितलं. बाबांनी पेनाला टोपण लावलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमची केस जिवंत रवान्दे, माणूस मेलो तरी चलात." 

सुनावणीच्या दिवशी मी शाळा बुडवून गेले. दुसऱ्या बाजूने वास नाही असलेली पानं वाचून दाखवली. आमच्या वकीलबाईंना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी माझं पत्रक पुढे केलं, स्थानिक रहिवाशांनीच या माणसाचा निषेध केला आहे म्हणून, आणि काकांना उभं केलं. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

"कंपनीकडून तुम्हाला काय मिळालं?"

"गाडीतून हॉस्पिटलात नेलं. घरी सोडलं."

"आणखी?"

"बिस्किटाचा पुडा."

मागच्या बाकांवर हशा झाला. आमची माणसं हसत होती.

"मग वास नाही असं का लिहिलंत?"

"आला नाही म्हणून."

पुन्हा हशा. तो सबंध वेळ काका एक शब्द खोटं बोलले नाहीत, आणि त्या खोलीत त्यांच्यावर विश्वास ठेवणारी दोनच माणसं होती, बाबा आणि मी. आम्ही दोघंही गप्प बसलो. माझी नखं तळहातात रुतली होती. पण नखं कोणीही रुतवून घेईल. मी बोलले नाही, हे खरं. डिसेंबरच्या आधीचा रकाना ग्राह्य धरला गेला. कंपनीला काही आदेश झाले. काही पाळले गेले, काही नाही. हिवाळ्यात वास अजून येतो.

मग दुसरी बाजू वरच्या कोर्टात गेली. म्हणजे अजून सांगता येणार नव्हतं. तिथून तारखा पडत राहिल्या आणि प्रत्येक तारखेला आम्ही दोघं बापलेक एकमेकांना सांगत राहिलो, एवढी झाली की काढू पत्रक. अलीकडे एका वकील मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, हॉस्पिटलच्या टाक्यांचा तारखेचा कागद होता ना? त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरचं एक सर्टिफिकेट जोडलं असतं तर बहुतेक भागलं असतं. एवढी साधी गोष्ट. ती आमच्यापैकी कोणालाही सुचली नाही. आम्हाला हुतात्मा होणं सुचतं, हुतात्मा करणं सुचतं, पत्रक सुचतं. डॉक्टरकडे कागद मागणं सुचत नाही.

त्या वर्षीच्याच उन्हाळ्यात काका खोली सोडून परभणीला सुजाताकडे गेले. बाबांनी त्यांची ट्रंक खांद्यावर घेऊन तीन मजले उतरवली. गॅलऱ्या रिकाम्या होत्या, दारं मात्र उघडी. रिक्षात बसताना काका मला म्हणाले, "जय भीम, संपादकीणबाई," आणि रिक्षा सुटली. पुढे ते कधी मुंबईला आले नाहीत. चार वर्षांनी तिकडेच वारले. आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं. इमारतीत बातमी आली तेव्हा तावडे म्हणाले, "मॅनेज झाला होता, पण माणूस वाईट नव्हता." ते औदार्याने म्हणाले होते.

गेल्या वर्षी सुजाता आली. केस कधीच थंड पडली होती, बाबांचे हात आता थरथरतात, छापखाना बंद होऊन तिथे जिम झाली आहे. ती मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी मुंबईत आली होती, पत्ता शोधत तिसऱ्या मजल्यावर आली. आईने ओळखलं, बसवलं, चहा टाकला. सुजाताने पर्समधून एक गुलाबी कागद काढला. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला.

"त्यांच्या ट्रंकेत होता. हे तुम्ही लिहिलं ना?"

मी हो म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं. जीप, टाके, गॅस, काडी, सुनावणी. कुठेही न थांबता, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. बाबा मधेच म्हणाले, "तेव्हा परिस्थिती अशी होती की," आणि आई त्यांना म्हणाली, "तुम्ही गप ऱ्हवा." सुजाताने चहाला हात लावला नाही. माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, एखादा आकडा पुन्हा पुन्हा मांडून पाहावा तशी.

"आमच्याकडे कोणीतरी मुंबईहून हे आणून दाखवलं होतं," ती म्हणाली. "सासऱ्यांनी वाचलं, दिरांनी वाचलं. मी माझ्या वडिलांना सरळ विचारलं, बाबा, घेतलं का तुम्ही काही? ते म्हणाले, मुक्ताने लिहिलंय, तिला विचार. मला वाटलं टाळतायत. नसतं घेतलं तर नाही म्हणाले असते ना? म्हणून मग मी ना तुम्हाला विचारलं, ना दुसऱ्या कोणाला. चार वर्षं एका घरात राहिलो. मी वाढायचे, ते जेवायचे. मीठ जास्त झालं तरी बोलायचे नाहीत."

मी विचारलं, "हे कधी म्हणाले ते, मला विचार म्हणून?"

"परभणीला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी," ती म्हणाली.